भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या घरगुती वस्तू : आधी भंगार ओळखा, मग आकार काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका तरुण डिझायनरने वर्षभरात ६० किलो ॲल्युमिनियम भंगार जमवले. त्यात २० किलो जुनी पातेली आणि डबे, १८ किलो स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन, १७ किलो स्कूटरच्या इंजिनांची कव्हरे आणि ५ किलो कोल्ड्रिंकचे कॅन. सातपूरच्या एका छोट्या फाउंड्रीत सगळे एकत्र वितळवून त्याने वाळूच्या साच्यात तीन वस्तू ओतून घेतल्या : ३०० मिमी व्यासाचा चपटा ट्रे, भिंतीवरची खुंटी आणि फळांचा वाडगा. ट्रे वाकला, खुंटीच्या मुळाशी खड्डा पडला, वाडग्याच्या काठाला तडा गेला आणि बफिंगनंतर, म्हणजे घासून चकाकी आणल्यावर, सगळीकडे टाचणीच्या टोकाएवढी भोके उघडी पडली. त्याची मला विचारणा अशी की डिझाइन चुकले की ओतकाम? आणि या वस्तू खाण्यासाठी वापरता येतील का?

दोन्हींच्या आधी तिसराच प्रश्न येतो : साच्यात जे ओतले ते नेमके काय होते? बाजारात ॲल्युमिनियम हे एका घराण्याचे आडनाव आहे. पातेले, कॅन, खिडकी आणि इंजिन या चौघांचे आडनाव एक असले तरी स्वभाव चार आहेत. चौघांना एकाच मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) घातले की जो धातू तयार होतो तो कोणत्याच कामाचा राहत नाही. म्हणून माझे उत्तर असे की तुमच्याकडे ६० किलोचा एक ढीग नाही, चार वेगळे ढीग आहेत, आणि प्रत्येकाची वाट वेगळी असायला हवी.

पातेली आणि डबे जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचे असतात. हा धातू मऊ, त्यामुळे ठोकायला आणि ओढायला उत्तम, पण ओतायला त्रासदायक. पातळ भागात तो पोहोचण्याआधीच गोठतो आणि गोठताना खूप आकसतो. खिडक्यांचे सेक्शन बहुतेक ६०६३ जातीचे असतात. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन दोन्ही एक टक्क्याच्या आत असते. डायमधून दाबून लांब पट्ट्या काढण्यासाठीच ही जात बनवली आहे. साच्यात ओतली की गोठता गोठता फाटते. इंजिनाची कव्हरे मात्र मुळात ओतूनच केलेली असतात. त्यांत साधारण ८ ते १२% सिलिकॉन असते, आणि ओतकामाला जे हवे ते हेच. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू पाण्यासारखा वाहतो, आकसणे कमी होते आणि शेवटपर्यंत थोडा रस (वितळलेला धातू) शिल्लक राहत असल्याने पडू पाहणाऱ्या तड्या भरून निघतात. या कव्हरांत दीड ते चार टक्के तांबेही असते, त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

आता तुमच्या मिश्रणाचा हिशोब करा. कव्हरांतले सिलिकॉन १०% धरले तर १७ किलोत १.७ किलो. ते ६० किलोत वाटले गेले, म्हणजे मिश्रणात सिलिकॉन ३% च्याही आत. वाळूच्या साच्यात नीट उतरायला ते ७% च्या आसपास तरी असलेले बरे. म्हणजे वाडग्याचा तडा साचा भरण्याआधीच, भट्टीवर ठरला होता.

कॅनबद्दल माझे मत स्पष्ट आहे : विकून टाका. कॅनची भिंत जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची, वर शाई आणि आत लाखेचा थर. एका कॅनचे वजन १३-१४ ग्रॅम, म्हणजे किलोला सत्तरेक कॅन. एवढा पातळ पत्रा उघड्या भट्टीत टाकला की वितळण्याआधीच बराचसा जळून मळी (धातूवर येणारी जळकी साय) होतो. मोठे कारखाने हे कॅन दाबून, लाख जाळून, आधीच वितळलेल्या धातूत बुडवतात, त्यामुळे त्यांची घट कमी येते. तुमच्या १०-१५ किलोच्या मुशीत ते जमणार नाही. शिवाय कॅनच्या झाकणात ४-५% मॅग्नेशियम असते, ते मळी आणखी वाढवते. कॅन पुन्हा कॅन होण्यातच त्या धातूचे भले आहे.

ढीग वेगळे करताना दोन गोष्टींपासून सावध राहा : जस्त आणि मॅग्नेशियम. जुनी दारांची हँडल, नळांचे भाग, कार्ब्युरेटर दिसायला ॲल्युमिनियमसारखे, पण पुष्कळदा जस्ताचे असतात. जस्त रसात मिसळले तर पुढे तडे आणि ठिसूळपणा येऊ शकतो. ओळख वजनावरून होते. तुकडा आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोला. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा. २७० ग्रॅमचा तुकडा पाण्यात १७० भरला तर फरक १०० आणि उत्तर २.७, म्हणजे ॲल्युमिनियम. साडेसहाच्या वर आले तर जस्त. १.८ च्या आसपास आले तर मॅग्नेशियम, आणि ते भट्टीजवळसुद्धा नेऊ नका. पेटले तर पाण्याने विझत नाही, उलट भडकते. शंका असेल तर कानशीने थोडे घासून त्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियम शांत राहते.

ॲल्युमिनियममधल्या पोटजाती ओळखायला कॉस्टिक सोड्याचे १५-२०% द्रावण पुरते. घासलेल्या जागेवर एक थेंब टाकून पाच मिनिटे थांबा आणि पाण्याने धुवा. डाग पांढराच राहिला तर पातेल्याच्या किंवा सेक्शनच्या जातीचा. राखाडी झाला तर सिलिकॉन आहे. काळा पडला तर तांबे किंवा जस्त. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हे करू नका. कॉस्टिकचा एक शिंतोडा डोळा घालवतो. लोहचुंबक सगळ्यांवर फिरवा. पातेल्याच्या कानाचे रिव्हेट, खिडकीचे स्क्रू, कव्हरातल्या स्टीलच्या बुश काढल्याच पाहिजेत. स्टेनलेसचे स्क्रू चुंबकाला बहुधा चिकटत नाहीत, ते डोळ्यांनीच शोधावे लागतात. लोखंड एकदा वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये मिसळले की छोट्या भट्टीत ते काढायचा उपाय नाही. चांगला धातू घालून पातळ करणे एवढेच हाती राहते. एक टक्क्याच्या पुढे गेले की धातूत सुयांसारखे ठिसूळ स्फटिक तयार होतात आणि खुंटी टेबलावरून पडली तरी मोडते. याच कारणासाठी लोखंडी डब्यात किंवा कापलेल्या गॅस सिलिंडरात ॲल्युमिनियम वितळवू नये. क्ले-ग्राफाइट किंवा सिलिकॉन कार्बाइडची मूसच वापरायला सांगा.

आता तुमच्या चार दोषांकडे. यातला निम्मा भाग ओतकामाचा आहे, पण निम्मा खरोखर डिझाइनचा आहे आणि तो तुमच्या हातात आहे.

खुंटीपासून सुरुवात करू, कारण सगळा धडा तिच्यात आहे. तुमची पाठीची पट्टी ५ मिमीची आणि तिच्यातून निघणारा दांडा १२ मिमीचा. पट्टी आधी गोठते, दांड्याचे टोक आधी गोठते, आणि दोन्ही जिथे मिळतात ते मूळ सगळ्यात शेवटी गोठते. गोठताना ॲल्युमिनियमचे आकारमान सहा-सात टक्क्यांनी घटते. ही घट भरून काढायला रस हवा, आणि आजूबाजूचा सगळा धातू आधीच घट्ट झालेला. मग मूळ स्वतःच्याच पोटातून घेते : वर खड्डा किंवा आत पोकळी. कागदावर काटछेद काढा आणि आत मावेल तेवढे मोठे वर्तुळ प्रत्येक ठिकाणी बसवून पाहा. पट्टीत ५ मिमीचे वर्तुळ मावते, मुळाशी १३-१४ चे. जिथे वर्तुळ एकदम फुगते तिथे खड्डा पडणार, हे साचा करण्याआधीच सांगता येते.

उपाय दोन, आणि मला दुसरा जास्त पटतो. पहिला म्हणजे मुळावरच रायझर (जादा रसाचा साठा धरणारा उंचवटा) ठेवायचा, म्हणजे तिथे शेवटपर्यंत रस मिळत राहील. पण तो नंतर कापून, घासून काढावा लागतो आणि प्रत्येक नगाला तेवढी मजुरी चढते. दुसरा उपाय डिझाइनचा. पट्टीच्या मागच्या बाजूने, जी भिंतीला टेकते आणि कुणाला दिसत नाही, मुळात एक निमुळता खळगा द्या. तो दांड्यात इतका आत जाऊ द्या की सगळीकडे भिंत ५-६ मिमीचीच राहील. खळग्याच्या बाजूंना तीन अंशांचा उतार ठेवा, म्हणजे पॅटर्न (ज्याभोवती वाळू ठोकून साचा करतात तो नमुना) वाळूतून सुटताना कडा तुटणार नाही. कोपऱ्यात ४ मिमीची गोलाई द्या, त्याहून मोठी नको. गोलाई जास्त झाली की वर्तुळ पुन्हा फुगते. स्क्रूची भोके साच्यात काढू नका, नंतर ड्रिल करा. वजनही कमी होते आणि त्याच धातूत जास्त नग निघतात.

ट्रेचे दुखणे वेगळे. सपाट, मोठा आणि पातळ हा आकार ओतकामाला सगळ्यात नकोसा. काठ आणि मध्य वेगवेगळ्या वेळी थंड होतात आणि ओढाताणीत पत्रा मुरडतो. ओतायचाच असेल तर सपाटपणाचा हट्ट सोडा. ३०० मिमीला मध्यभागी ३ मिमीचा फुगवटा द्या, खाली तीन छोटे पाय ठेवा, काठाला थोडी जाडी द्या, रस एका बाजूने न आणता तीन-चार पातळ गेटमधून (रस शिरायच्या वाटांमधून) आत येऊ द्या आणि साचा फोडायची घाई करू नका. अर्धा तास वाळूतच राहू द्या. पण मुळात तो ओतावा का? ३०० मिमी व्यास आणि ५ मिमी जाडी म्हणजे ३५३ घन सेंमी, म्हणजे ९५० ग्रॅम. काठ धरून किलोच्या वर. पाच कप चहा ठेवल्यावर असा ट्रे एका हाताने उचलवत नाही. तोच ट्रे दीड मिमी पत्र्यातून स्पिनिंग करून (फिरत्या लेथवर साच्यावर दाबून) काढला तर तीनशे ग्रॅमच्या आसपास बसतो आणि सपाटही राहतो.

इथेच तुमची पातेली कामाला येतात. मोठ्या पातेल्याचा तळ कापून चकती काढा. लहान पडत असेल तर पातेली मोडीत देऊन तयार सर्कल (गोल कापलेला पत्रा) घ्या. ठोकून-वापरून कडक झालेला पत्रा आधी मऊ करावा लागतो. ३५० ते ४०० अंश सेल्सिअस तापमान हवे आणि ते थर्मामीटरशिवाय ओळखायची जुनी रीत आहे : पत्र्यावर कपडे धुण्याच्या साबणाने रेघ ओढा आणि मागून मंद ज्योत फिरवा. रेघ गडद तपकिरी, काळपट झाली की थांबा. ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होत नाही. रंगाची वाट पाहत बसलात तर पत्रा हातातच गळून पडतो. मऊ झालेली चकती लेथवर लाकडी साच्यावर दाबून आकार घेते. नाशिकला तांबट कारागिरांची मोठी परंपरा आहे. त्यांच्या हातचे मठारकाम (हातोडीच्या ठोक्यांची नक्षी) ॲल्युमिनियमवरही छान उठते. शिवाय मठारल्याने पृष्ठभाग कडक होतो आणि रोजच्या वापरातले ओरखडे त्या ठोक्यांत लपतात. ॲल्युमिनियमसाठी हातोडीचे आणि ऐरणीचे तोंड आरशासारखे गुळगुळीत हवे, आणि तांब्या-पितळेवर वापरलेली हत्यारे पुसून घ्यायला हवीत. त्यांचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले तर ओलाव्यात तिथेच काळे ठिपके पडतात.

वाडग्याचा तडा मुख्यतः मिश्रणाचा, हे वर आलेच. पण आकारानेही हातभार लावला असणार. वाडगा थंड होताना आतल्या वाळूवर आवळतो. वाळू घट्ट ठोकलेली असेल तर ती हलत नाही, आणि गरम, अजून अशक्त धातू सगळ्यात पातळ जागी, म्हणजे काठाला फाटतो. काठ धारदार ठेवू नका. भिंत ५ मिमी असेल तर काठाला ७ मिमीची गोल मगजी द्या. आतली वाळू बेताने ठोकायला सांगा, आणि धातू घट्ट होताच ती वरून मोकळी करायला सांगा. ट्रेला उशीर चांगला, वाडग्याला लवकर सोडवणे चांगले. फाउंड्रीतला माणूस दोन्हींना एकच वेळ देईल, म्हणून हे पॅटर्नवरच लिहून ठेवा.

आणि टाचणीची भोके. हा हायड्रोजन. वितळलेले ॲल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन शोषून घेते आणि गोठताना जवळजवळ सगळा बाहेर टाकते. घट्ट धातूत रसाच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतका मावतो. बाहेर पडायला वाट नसली की बुडबुडे जागच्या जागी राहतात. वरची साल शाबूत असते तोवर दिसत नाहीत, बफिंगने साल गेली की दिसतात. ओलावा कुठून येतो ते पाहा : धुवून नीट न वाळवलेली पातेली, कव्हरांवरचे तेल, गार पळी, ओलसर फ्लक्स (रसातली मळी वेगळी करणारी पूड), वाळूत जास्त झालेले पाणी. नाशिकच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत तर सकाळी उघडलेली फ्लक्सची पिशवी संध्याकाळपर्यंत दमट होते. वाळूत ६-८% बेंटोनाइट (वाळू बांधणारी चिकणमाती) आणि ३-४% पाणी पुरे. मुठीत दाबून गोळा करा, मधोमध मोडा. कड स्वच्छ तुटली आणि हाताला ओल लागली नाही तर वाळू बरोबर. मुशीत जाणारा प्रत्येक तुकडा आणि प्रत्येक हत्यार आधी भट्टीच्या तोंडाशी तापलेले हवे. यात भोकांच्याही पुढचा प्रश्न आहे : रसात बुडलेला ओला तुकडा पाण्याची एका क्षणात वाफ करतो आणि रस छतापर्यंत उडवतो. त्याच कारणाने उघड्या सिमेंटच्या फरशीवर धातू ओतू नये, खाली कोरड्या वाळूचा थर हवा. बंद स्प्रेचे डबे मुशीत कधीच नको.

तापमानाचा मोह हे आणखी एक कारण. पातळ भाग भरत नाही म्हणून लोक धातू ८०० अंशांपर्यंत चढवतात. जितके तापमान जास्त तितका हायड्रोजन जास्त. सिलिकॉनवाल्या धातूला ७०० ते ७४० अंश पुरतात. तेवढ्यात साचा भरत नसेल तर भिंत जाड करा किंवा गेट वाढवा. ओतण्याआधी ग्राफाइटच्या नळीने तळातून नायट्रोजन किंवा आर्गॉन हळूहळू सोडला तर बुडबुड्यांबरोबर बराच हायड्रोजन निघून जातो. १५ किलोच्या मुशीला आठ-दहा मिनिटे द्या, आणि पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे, उसळता कामा नये. पुष्कळ ठिकाणी यासाठी हेक्झाक्लोरोइथेनच्या गोळ्या टाकतात. काम होते, पण धूर फार घातक; बंद शेडमध्ये मी कुणालाही त्या सुचवणार नाही. शेवटी एक पळीभर धातू कोरड्या, तापलेल्या वाटीत ओता आणि गोठताना वरचा भाग बघा. पुटकुळ्या उठल्या तर अजून वायू आहे, थांबा.

इथपर्यंतचे एकत्र धरले तर तुमच्या ६० किलोची वाटणी अशी होते : पातेली ठोकायला आणि स्पिनिंगला, सेक्शन तसेच वापरायला, कव्हरे ओतायला, कॅन विकायला. १७ किलो कव्हरे तेल धुवून, वाळवून वितळवली की ४-५% मळीत जाऊन १६ किलो हाती लागतात. ओतलेल्या धातूपैकी निम्म्याहून थोडा जास्त वस्तूत राहतो, बाकी रनर (साच्यापर्यंत रस नेणाऱ्या वाटा) आणि रायझर यांत. म्हणजे पहिल्या फेरीत ९ किलोच्या आसपास माल, १५० ग्रॅमच्या साठ खुंट्या. उरलेले रनर पुढच्या फेरीत.

पातेली ओतायचीच असतील तर ओतकामाच्या एलएम ६ जातीचा नवा इनगॉट (धातूची तयार लगड) मिसळा. त्यात १०-१३% सिलिकॉन असते आणि तांबे नगण्य. १२% सिलिकॉनचा ६ किलो इनगॉट आणि ४ किलो पातेली घेतली तर सिलिकॉन ७.२% येते, नीट ओतता येईल असा धातू. पण मग "शंभर टक्के पुनर्वापर" असे लेबल लावता येणार नाही; पातेल्यांचा वाटा ४०% आहे, तेवढाच लिहा. स्वतःच्याच रनर-रायझरचा पुनर्वितळ त्यात मोजायचा नसतो. आयएसओ १४०२१ या मानकातही तो पुनर्वापरित घटक धरलेला नाही. ग्राहक हल्ली विचारतात, आणि उत्तर खरे असले पाहिजे.

सेक्शन वितळवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ती पट्टी सरळ, गुळगुळीत, एकसारख्या जाडीची आहे. तिला वितळवणे म्हणजे विणलेले कापड उसवून पुन्हा कापूस करणे. रबरी पट्ट्या, ब्रश, रोलर आणि स्क्रू काढा. टॉवेलचा दांडा, मसाल्यांच्या बरण्यांची फळी, पुस्तकांचा टेकू, एलईडी दिव्याचे घर हे सगळे कापून आणि जोडून होते. कापायला ८०-१०० दातांचे कार्बाइड पाते, वर थोडे मेण. जोडायला खिडकीतलेच कोपऱ्याचे तुकडे परत वापरा. वाकवायचे असेल तर जाडीच्या किमान चौपट गोलाई ठेवा. हा धातू उष्णतेने कडक केलेला असतो, तीक्ष्ण वाकवला तर बाहेरून तडकतो. दिव्यासाठी सेक्शन विशेष चांगले, कारण एलईडीची उष्णता ते भराभर बाहेर नेतात. मात्र धातूचे घर अर्थिंगला जोडलेच पाहिजे, आणि अर्थिंगच्या स्क्रूखालचा पावडर कोटिंगचा किंवा ॲनोडायझिंगचा (विजेने धातूवर चढवलेल्या कठीण सालीचा) थर खरवडून काढा. दोन्ही थर वीज अडवतात, म्हणून वरून घट्ट कसलेली तारही नुसती शोभेची ठरते.

खाण्याबद्दल. मिश्र भंगारातून ओतलेली कोणतीही वस्तू शिजवलेल्या, चिरलेल्या किंवा ओल्या अन्नासाठी वापरू नका, त्यासाठी विकू तर मुळीच नका. चिंच, कोकम, लिंबू, ताक, लोणच्याचे मीठ हे सगळे ॲल्युमिनियमला खाते. शुद्ध ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही म्हणूनच कढी ठेवत नाहीत. भंगारात त्यापुढे शिशाचा धोका असतो. अनेक देशांत स्थानिक भंगारातून ओतलेल्या भांड्यांच्या तपासणीत शिसे सापडले आहे आणि ते अन्नात उतरते हेही दिसले आहे. भांड्यांच्या ॲल्युमिनियमची रासायनिक घडण आपल्याकडे आयएस २० (ओतीव) आणि आयएस २१ (पत्रा) या मानकांत ठरवून दिली आहे, आणि २०२४ साली केंद्र सरकारने ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. छोट्या प्रमाणात काम करणाऱ्याने या वाटेला न जाणेच बरे.

पण वाडगा विकला की ग्राहक त्यात काय ठेवील हे तुमच्या हातात नसते. आज सफरचंद, उद्या कोशिंबीर. म्हणून चिठ्ठीवर सूचना लिहून भागणार नाही, आकारानेच ते अडवा. वाडग्याच्या तळाला आणि बाजूंना ८ मिमी रुंदीच्या लांबट फटी ठेवा. त्यात रायते वाढता येणार नाही, सालीसकट केळी-संत्री मात्र ठेवता येतील. फटींमधल्या वाळूच्या जिभा तुटू नयेत म्हणून उतार दोन अंशांपेक्षा कमी ठेवू नका. मग फटींमुळे धातूही कमी लागतो.

पृष्ठभागाचा निर्णय पॅटर्न करण्याआधी घ्या. आरशासारखी चकाकी ही ओतीव भंगाराकडून मागूच नये. प्रत्येक भोक तिथे ओरडून दिसते. बारीक वाळूचा पोत तसाच ठेवा किंवा काचेच्या मण्यांचे ब्लास्टिंग करा, आणि काठ किंवा दांड्याचे टोक एवढेच पॉलिश करा. इंजिनाच्या जातीचा धातू ॲनोडायझिंगला डागाळ राखाडी होतो, सिलिकॉन आणि तांब्यामुळे. ॲनोडायझिंग सेक्शनसाठी राखून ठेवा. ओतीव मालाला पावडर कोटिंग चालते, पण भट्टीत १८०-२०० अंशांना भोकांतली हवा फुगून रंगाला फोड येतात. म्हणून रंगाआधी वस्तू त्याहून १०-२० अंश जास्त तापमानात अर्धा तास ठेवून घ्या. बाथरूमच्या खुंटीला पितळी स्क्रू लावू नका, ओलाव्यात ॲल्युमिनियम त्याच्याशेजारी झिजते. स्टेनलेसचा स्क्रू आणि खाली नायलॉनचा वॉशर. सोबतच्या चिठ्ठीत कपड्याचा सोडा आणि टाइल्सचे ॲसिड लावू नये एवढे लिहा.

फाउंड्रीशी बोलताना : अंबड-सातपूरच्या बऱ्याच फाउंड्र्या वाहनांच्या सुट्या भागांवर चालतात. वीस नगांच्या ऑर्डरला त्यांची भट्टी खोळंबत नाही, म्हणून त्यांच्या दिवसाच्या शेवटच्या ओतकामाची वेळ मागा आणि धातू तुमचाच वापरायला सांगा. पॅटर्न तुम्ही द्या. थ्रीडी प्रिंट चालतो, पण थरांच्या रेघा पुटी लावून घासल्या नाहीत तर वाळू धरते. आकार १.३% मोठा करा : ३०० मिमीसाठी ३०३.९. जिथे लेथवर काम आहे तिथे आणखी दीड-दोन मिमी. ओतण्याआधी त्याच रसाची एक नाणेवजा चकती वेगळी ओतून स्पेक्ट्रोला (धातूतले घटक मोजणाऱ्या चाचणीला) द्या. वाहन उद्योगामुळे ही सोय शहरातच आहे. अहवालात सिलिकॉन, लोखंड, तांबे, जस्त आणि शिसे पाहा. घरी, सोसायटीच्या गच्चीवर भट्टी लावायचा विचार असेल तर तो सोडा. धूर, शेजार आणि वितळलेला धातू यांचे गच्चीवर जमत नाही, आणि व्यवसायासाठी भट्टीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

पहिल्या फेरीत तीनच खुंट्या ओता. त्यातली एकही भिंतीवर लावू नका. एक हॅकसॉने मुळातून उभी कापा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा आणि उन्हात धरा. मुळाशी खडबडीत, फाटक्या कडांची पोकळी दिसली तर दोष आकाराचा आहे, मागचा खळगा आणखी खोल करा. सगळीकडे बारीक गोल ठिपके दिसले तर दोष ओलाव्याचा आहे, पॅटर्नला हात न लावता फाउंड्रीत जाऊन वाळू आणि हत्यारे तपासा. दोन्ही दिसले तर आधी ओलावा सोडवा, कारण वायूचे बुडबुडे आकसण्याच्या पोकळीतच जाऊन बसतात आणि तिचा खरा आकार कळू देत नाहीत.